ड्रोनच्या चित्रासाठीं अँटेना कसा निवडावा

जालन्याच्या मोसंबीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तिच्या झाडाचा शेंडा वाळूं लागला तर खालून तो उशिरां लक्षांत येतो. चालकाच्या डोळ्यांवरील चष्म्यांत ज्याच्या कॅमेऱ्याचें चित्र उमटतें, असा लहान ड्रोन येथें उपयोगी पडतो. परंतु चित्र गेलें कीं चालक त्या क्षणीं आंधळा होतो, आणि खालीं तोडणीचे मजूर असतात. चित्र आणणारा अवयव म्हणजे अँटेना, जुन्या रेडिओचा एरियल. तो केवळ दुकानदाराच्या भरंवशावर घेऊं नये.

‘किती लांब जाईल?’ हा प्रश्न आपल्याकडे गैरलागू आहे. पांच एकरांच्या चौरस शेताची बाजू सुमारें १४२ मीटर भरते. उघड्यावर तेवढें अंतर साध्या अँटेनासही जड नाहीं. चित्र तुटतें तें पाल्यामुळें. बहुतेक अशा ड्रोनांचें चित्र ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींवर येतें. लहरीची लांबी सुमारें ५.२ सेंटिमीटर. पानांतील पाणी ती शोषून घेतें, आणि पावसानें भिजलेल्या बागेंत तर अधिकच.

अँटेनावर ‘डीबीआय’चा अंक असतो. पाटाचें पाणी एकाच सरींत सोडलें तर लांब जातें, साऱ्या वाफ्यांत पसरलें तर जवळच जिरतें, पाणी तेवढेंच. मोठ्या अंकाचा अँटेना शक्ति निर्माण करीत नाहीं, ती एका दिशेस वळवितो. अंक तीननें वाढला तर त्या दिशेची शक्ति दुप्पट होते. अंतर दुप्पट होण्यास मात्र शक्ति चौपट, म्हणजे अंक सहानें वाढलेला लागतो. बाजूस व मागें तो दुबळाच. म्हणून ड्रोनवर लहान अंकाचा, सर्व बाजूंस पसरणारा अँटेना असावा. चालक बांधावर उभा राहून बाग समोर ठेवीत असेल, तर ग्राहक यंत्रास चपटा दिशादर्शी अँटेना जोडावा. बागेच्या मध्यें उभा राहणाऱ्यानें तो घेऊं नये.

लहरीस कलही असतो. त्यास ध्रुवण म्हणतात. १८९८ सालीं जगदीशचंद्र बसूंनीं पिळलेल्या तागाच्या जुड्यांतून विद्युत्‌लहरी सोडून त्यांचा कल फिरतो हें दाखविलें होतें. सरळ काडीच्या अँटेनाची लहर एकाच पातळींत डुलते. ड्रोन ४५ अंश कलला कीं निम्मी शक्ति जाते, ९० अंश कलला तर बहुतेक सर्वच. वर्तुळाकार ध्रुवणाचा अँटेना, जो पुष्कळदां अळंब्यासारखा दिसतो, या दोषापासून बराच मुक्त आहे. शिवाय पत्र्याच्या शेडवरून किंवा शेततळ्याच्या पाण्यावरून परतलेल्या लहरीचा पीळ बहुधा उलटतो, व ग्राहक तिला फारसा थारा देत नाहीं. मात्र दोन्ही टोकांस एकच पीळ हवा: उजवा तर उजवा, डावा तर डावा. एक डावा व एक उजवा लावणें म्हणजे पैसे देऊन चित्र घालविणें होय.

खरेदीच्या वेळीं जोडाचा फिरकीचा भागही उघडून पाहावा. एसएमए आणि आरपी-एसएमए हे जोड एकमेकांत बसतात, पण मधली सुई व भोंक जुळत नाहीं. अँटेना न जोडतां प्रेषक चालू केल्यास तो जळण्याचा संभव असतो, तसाच येथेंही.

पहिली परीक्षा न उडवितांच घ्यावी. पातीं काढून ड्रोन उंच वेळूस बांधावा, प्रेषक मंद शक्तीवर ठेवावा, कारण वाऱ्यावांचून तो तापतो, आणि गड्यानें तो शेंड्यांच्या उंचीवरून ओळीनें फिरवावा. चष्म्यांत चित्र जेथें फाटेल तेथल्या झाडास चुन्याची खूण करावी, व चालकाची जागा बदलून फेरी पुन्हां घ्यावी.