मूलपेशींतील घंटा

गेल्या सत्रांत जीवशास्त्राच्या तासास एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, माणसाचीं व उंदराचीं जनुकें जर बहुतेक सारखींच आहेत, तर माणूस माणूस कां आणि उंदीर उंदीर कां?" प्रश्न मोठा आहे. त्याच्या उत्तराचा एक अंश येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रत्येक पेशींत डी. एन. ए. नामक एक लेख असतो. मनुष्याच्या लेखांत सुमारें ३०० कोटी अक्षरें आहेत. त्यांपैकीं प्रथिनें घडविण्याची कृति सांगणारा भाग शेंकडा दोनांहूनहि कमी आहे. अशीं जनुकें मनुष्यांत सुमारें २०,००० आहेत. आणि एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमींतहि जवळजवळ तितकींच आहेत! उरलेल्या भागास पूर्वीं कित्येक विद्वान् केरकचरा म्हणत. परंतु त्यांतूनहि आर. एन. ए. निघतो. त्यापासून प्रथिन होत नाहीं. तथापि त्यांतील कांहीं प्रकार इतर जनुकांवर अंमल चालवितात. शाळेची घंटा व्याकरण शिकवीत नाहीं, गणितहि नाहीं. पण कोणता तास केव्हां सुरू व्हावा हें तीच सांगते.

मूलपेशींत ह्या घंटेचें महत्त्व विशेष. मूलपेशी म्हणजे कोणतेंहि एक काम अद्यापि न पत्करलेली पेशी. गर्भांतील अशा पेशी उंदरापासून १९८१ सालीं व मनुष्यापासून १९९८ सालीं प्रथम वेगळ्या करून वाढविण्यांत आल्या.

कांहीं घंटा फार जुन्या व सर्वांच्या एकच आहेत. २००० सालीं सूत्रकृमींत आढळलेला 'लेट-७' हा सुमारें २२ अक्षरांचा आर. एन. ए. मनुष्यांतहि तोच आहे. पेशीनें बाल्य सोडून प्रौढ व्हावें, ही त्याची सूचना. परंतु कांहीं घंटा निराळ्या आहेत. स्त्रीजातीच्या पेशींत एक्स गुणसूत्रें दोन असतात व त्यांपैकीं एक मुकें केलें जातें. हें काम मनुष्य व उंदीर दोहोंतहि 'एक्सिस्ट' नामक आर. एन. ए. करितो. मात्र २०१३ सालीं मनुष्याच्या मूलपेशींत 'एक्सॅक्ट' नांवाचा दुसरा आर. एन. ए. जागत्या एक्स गुणसूत्रावर पसरलेला आढळला. उंदरांत तो मुळींच नाहीं.

असें कां व्हावें? प्रथिनाच्या कृतींत एक अक्षर चुकलें तरी पुष्कळदां घात होतो, म्हणून ती हळूहळू बदलते. इतर भागास तेवढा निर्बंध नाहीं. शिवाय प्राचीन काळीं शिरलेल्या विषाणूंचे अवशेष तेथें राहिले आहेत. वानरकुळांत शिरलेल्या अशा एका विषाणूच्या अवशेषांपासून मनुष्याच्या मूलपेशींत विपुल आर. एन. ए. निघतो, तो अवशेष उंदरांत नाहीं.

ह्यांत पालकांनींहि लक्ष द्यावें असें कांहीं आहे. मूलपेशींनीं उंदीर बरा झाला, तेव्हां तुमचें मूलहि बरें होईल, असें सांगून पैसे मागणारे लोक भेटतात. दुखणाइताच्या घरीं आशा फार लवकर विकली जाते. उंदरावरील प्रयोग व्यर्थ नव्हे. तो मार्ग दाखवितो. पण मनुष्यावर रीतसर पारख झाल्यावांचून त्यास औषध म्हणूं नये.

त्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर इतकेंच: दोन शाळांत शिक्षक बहुतेक सारखे असले, तरी घंटा निराळी वाजली कीं दिवस निराळा होतो.