ताईच्या ताटात काय असावे?



आमच्या शेजारच्या घरी थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. आठवड्याभरातच स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक यादी लागली. तिचे शीर्षक होते 'खायचे नाही'. आजींनी 'उष्ण' म्हणून पपई, तीळ, बाजरी आणि अंडी लिहिली होती. सासरहून 'थंड' म्हणून दही आणि केळी यांची भर पडली. कुणीतरी मोबाइलवर वाचून मासे, कलेजी आणि फ्रिजमधले शिळे अन्न ही नावे जोडली. नववीतला धाकटा भाऊ ती यादी वहीत उतरवून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, हे सगळे सोडले तर ताई खाणार काय?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो, डॉक्टर नव्हे. ताईने काय खावे हे तिची प्रकृती पाहणाऱ्या डॉक्टरांनीच सांगायचे. परंतु एखादी वस्तू अपायकारक आहे की नाही हे ठरवायचे कसे, हा प्रश्न मात्र विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा आहे. आज आपण तोच सोडवू.

सोडून दिले तर काय बिघडते?

"शंका आली की सोडून द्यावे, त्यात काय बिघडते?" असे पुष्कळांना वाटते. पण बिघडते! २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातील ५२ टक्क्यांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आता भावाच्या वहीतील यादी पुन्हा पाहा. बाजरीबरोबर लोह गेले, अंड्यांबरोबर उत्तम प्रथिने गेली, दह्याबरोबर कॅल्शियम गेले. खाण्यात जसा धोका असू शकतो तसा न खाण्यातही असतो. तराजूला दोन पारडी असतात. एकाच पारड्याकडे पाहून वजन होत नाही.

म्हणून यादीतील प्रत्येक पदार्थाला आपण तीन प्रश्न विचारू. (१) अपाय नेमका कशाने होतो? (२) ते कारण उष्णतेने नाहीसे होते का? (३) किती प्रमाणात अपाय होतो?

जंतू : थंडीला न भिणारे, उष्णतेने मरणारे

१९८१ साली कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रांतांत गरोदर स्त्रियांमध्ये एक विचित्र साथ आली. आईला जेमतेम फ्लूसारखा ताप येई, पण गर्भ दगावे किंवा बाळ आजारी जन्मे. अशा ३४ घटना नोंदल्या गेल्या. शोध घेता घेता संशोधक कच्च्या कोबीच्या कोशिंबिरीपाशी पोहोचले. ज्या शेतातला हा कोबी होता तेथे मेंढ्यांचे खत घातलेले होते आणि त्या मेंढ्यांत लिस्टेरिया या जंतूचा रोग होता. तोडलेला कोबी हिवाळाभर थंड कोठारात साठवून ठेवलेला होता.

मेख या थंड कोठारातच होती. बहुतेक रोगजंतू ४ अंश सेल्सिअसला वाढायचे थांबतात. लिस्टेरिया मात्र त्या तापमानालाही सावकाश वाढत राहतो. म्हणजे फ्रिज हा त्याला तुरुंग नव्हे. फार तर मंद चालीचा रस्ता! शिवाय गरोदरपणात अशा जंतूंना तोंड देण्याची शरीराची शक्ती काहीशी कमी होते आणि हा जंतू वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचू शकतो.

परंतु उष्णतेपुढे त्याचे काही चालत नाही. दुधाचे पाश्चरीकरण करताना ते ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात. या दोन जोड्या नीट पाहा. तापमान अवघे ९ अंशांनी वाढवले आणि ३० मिनिटांचे काम १५ सेकंदांत झाले. तेव्हा 'किती तापवले' एवढेच विचारून भागत नाही, 'किती वेळ' हेही विचारावे लागते. शिळे अन्न गरम करताना त्याचा मध्यभाग ७० अंशांवर २ मिनिटे राहिला तर लिस्टेरियाची भीती उरत नाही.

मध्यभाग हा शब्द महत्त्वाचा आहे. कडेने वाफ निघणारा भाताचा गोळा मोडला तर आत गार लागतो, हा अनुभव तुम्हांला असेलच. भात, बटाटा, अंडे हे उष्णतेचे मंद वाहक आहेत. गोळ्याची जाडी दुप्पट झाली तर उष्णता मध्यापर्यंत पोहोचायला दुप्पट नव्हे, सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणून शिळे अन्न पसरून, हलवून, चांगले वाफाळेपर्यंत गरम करावे. अंडे उकडताना आतला बलक घट्ट झाला पाहिजे. मग त्यातल्या साल्मोनेला जंतूचीही काळजी नको. दूध न उकळता पिऊ नये. कच्च्या खायच्या भाज्या आणि फळे वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुवावीत आणि चिरल्यावर लगेच खावीत.

पारा : उकळून न जाणारा

मग सगळ्याच धोक्यांवर 'नीट शिजवा' हा एकच उपाय लागू आहे का? नाही. जपानमधील मिनामाता या गावाची गोष्ट पाहा. तेथे एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून पाऱ्याचे एक संयुग, मिथिल मर्क्युरी, खाडीत जात होते. १९५६ साली तेथल्या रोगाची अधिकृत नोंद झाली. काही मातांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांची मुले मेंदूला गंभीर इजा होऊन जन्माला आली. बाळाची सुकलेली नाळ जपून ठेवण्याची जपानी कुटुंबांत प्रथा आहे. पुढे अशा नाळा तपासल्या तेव्हा त्यांत पारा सापडला. वार ही विषाला अडवणारी भिंत आहे ही जुनी समजूत चुकीची असल्याचे त्या नाळांनी दाखवून दिले.

हे संयुग माशाच्या मांसातील प्रथिनांना घट्ट चिकटून असते. मासा तळा, उकडा, भाजा. पारा जात नाही. शिवाय लहान माशाला मोठा मासा खातो, मोठ्याला त्याहून मोठा खातो आणि प्रत्येक पायरीवर पारा साठत जातो. म्हणून मोठ्या मुशीसारखे किंवा तलवार माशासारखे दीर्घायुषी शिकारी मासे गरोदरपणी टाळावेत. पण तारली, मांदेली, बांगडा हे लहान मासे या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर असतात. त्यांतून प्रथिने, आयोडीन आणि बाळाच्या मेंदूला लागणारी स्निग्धाम्ले मिळतात. कमी पाऱ्याचे मासे आठवड्यातून सुमारे २२५ ते ३४० ग्रॅम खावेत असा सल्ला अमेरिकेत गरोदर स्त्रियांना देतात. 'मासे' असा एकच शब्द यादीत लिहिणे म्हणजे चोराबरोबर संन्याशालाही फाशी देणे होय!

कलेजी : प्रश्न प्रमाणाचा

कलेजीत लोह भरपूर असते, मग ती वाईट कशी? तिच्यात अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात असते. हे जीवनसत्त्व बाळाला हवेच, परंतु अतिरेक झाला तर गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो. दिवसाला ३००० मायक्रोग्रॅम रेटिनॉल ही गरोदरपणातील वरची मर्यादा मानतात. कोंबडीच्या १०० ग्रॅम कलेजीतच तेवढे असते. म्हणून या काळात ती टाळणेच बरे. गाजर, पालक, पिकलेला आंबा यांत मात्र रेटिनॉल नसून बीटा कॅरोटीन असते. शरीर गरजेपुरतेच त्याचे रूपांतर करते. त्यामुळे गाजराला घाबरण्याचे कारण नाही.

पपई आणि बाजरी : आजी किती बरोबर?

पपईची परीक्षा सिंगापूरच्या संशोधकांनी घेतली आणि ती २००२ साली प्रसिद्ध केली. उंदरांच्या गर्भाशयाच्या स्नायूवर पिकलेल्या पपईचा रस घातला, तेव्हा स्नायू आकुंचन पावला नाही. कच्च्या पपईचा चीक घातला, तेव्हा तो जोराने आकुंचन पावला. पपई पिकत जाते तसा चीक कमी होत जातो. म्हणजे आजींची भीती निराधार नव्हती, फक्त तिला 'कच्ची' हे विशेषण हवे होते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे खरे. म्हणून कच्ची व अर्धवट पिकलेली पपई टाळावी आणि पूर्ण पिकलेल्या पपईबद्दल डॉक्टरांना विचारावे.

बाजरी आणि तीळ 'उष्ण' म्हणतात, पण तापमापक लावला तर ते खोलीइतकेच गरम भरतात! 'उष्ण' हे तापमान नव्हे, परिणामाविषयीची समजूत आहे, आणि नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात त्यांच्यापासून गर्भाला अपाय होतो याला आधार नाही. बाजरीचा खरा शत्रू वेगळा आहे. कणसावर अरगट ही बुरशी पडली तर ते धान्य खाऊन उलट्या व चक्कर येते. २० टक्के मिठाच्या पाण्यात असे दाणे टाकले तर बुरशीचे हलके कण वर तरंगतात आणि निकोप दाणे तळाशी बसतात. येथे आर्किमिडीज आजीबाईंच्या मदतीला येतो.

नवी यादी

भावाने घरी जाऊन जुन्या यादीशेजारी नवा कागद लावला. त्यावर तीन रकाने होते. 'खावे' : बाजरी, तीळ, केळी, उकळलेल्या दुधाचे ताजे दही, लहान मासे. 'नीट गरम करून खावे' : अंडी, शिळे अन्न. 'टाळावे' : कच्ची पपई, मोठे शिकारी मासे, कलेजी. पिकलेल्या पपईपुढे त्याने प्रश्नचिन्ह काढले. तो कागद ताईने पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवायला नेला. हेच योग्य झाले.

करून पाहा

एक मोठा आणि त्याच्या निम्म्या जाडीचा एक लहान असे दोन उकडलेले बटाटे फ्रिजमध्ये गार करा. विणायच्या सुईने दोघांना मध्यापर्यंत भोक पाडून लाल द्रवाचा एकेक तापमापक बसवा. (पाऱ्याचा वापरू नका, का ते आता तुम्हांला ठाऊक आहे.) शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन्ही बटाटे एकाच वेळी गरम पाण्यात सोडा आणि दर २ मिनिटांनी मध्यभागाचे तापमान नोंदून आलेख काढा.

विचार करा

१. दोन्ही बटाट्यांना ५० अंश गाठायला लागलेल्या वेळांचे गुणोत्तर चारच्या जवळ येते का?

२. आमटी आणि भाताचा गोळा यांपैकी काय लवकर सर्वत्र सारखे गरम होते, आणि का?

३. तुमच्या घरात गरोदर स्त्रीला वर्ज्य मानलेला एक पदार्थ घ्या. त्याला वरील तीन प्रश्न विचारा.