ठेच्याची बदनामी

उस्मानपुरा,
रविवार

चि. ओंकार,



काल एकनाथ रंगमंदिरासमोर तुझ्या रूम-पार्टनरचे वडील भेटले. म्हणाले, "तुमचा भाचा दुपारी जेवतच नाही. चहा पितो, डोकं दुखलं की गोळी घेतो, परत अभ्यासिकेत." ताईला अजून सांगितलं नाही. रात्रभर मला मात्र झोप नाही.

गाढवा, रिकाम्या पोटी पेनकिलर? एमपीएससीला विज्ञान घोकतोस ना? जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल जठरालाच खात नाही, कारण आतून बुळबुळीत श्लेष्म्याचा लेप असतो. तो लेप राखतात प्रोस्टाग्लँडिन्स. दुखणं वाढवतात तीही प्रोस्टाग्लँडिन्सच. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक दोन्हीकडची बंद पाडतात. डोकं राहतं, पोट उघडं पडतं. जेवून घेतली म्हणजे रोज चालते, असंही समजू नकोस. रक्तातून फिरून ती तिथंच पोचते.

मामाचा अल्सर ठेच्यानं झाला, हे तू लहानपणापासून ऐकलंस. खोटं आहे ते. चिकलठाण्याला रात्रपाळी होती, कंबर दुखायची. डबा न उघडता परत यायचा आणि मी गोळ्यांवर गोळ्या घ्यायचो. एका पहाटे कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली. दवाखान्यातून घरी आलो, तर आईनं खलबत्ता माळ्यावर टाकलेला. पोराला तिखटाची सवय आपणच लावली म्हणून नानांनी पुन्हा ठेच्याला हात लावला नाही. समोर बसून अळणी वरण खायचे. मी गोळ्यांचं बोललो नाही.

२००५ साली मार्शल आणि वॉरेन यांना नोबेल मिळालं. अल्सरमागे बहुतेकदा जंतू असतो, हे त्यांनी दाखवलं होतं. पेपरातलं ते वाचून दाखवलं असतं, तर माझी चोरी न सांगताही ठेचा सुटला असता. पण तेव्हा नाना नव्हते.

म्हणून विचारतो, खरं सांग, किती गोळ्या घेतोस? शौचाला डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ, मला फोन नंतर कर. पैशाची काळजी करू नको.

जास्त बोललो असेन, राग मानू नको. ताईनं धपाटे दिलेत, उद्याच्या गाडीनं पाठवतो. खलबत्ता आज माळ्यावरून काढून घासला. दिवाळीला ये, कुटू. नाना म्हणायचे, भाकरीचा घास गोड लागेपर्यंत चावायचा. लाळेनं पिठाची साखर होते, हे त्यांना कुठं माहीत होतं! तू दुपारी एवढं एक कर. घास गोड लागला की मला सांग.

तुझा
मामा