डिस्कब्रेक धरून बसतो तेव्हा

म्हैसुरातील यादवगिरीच्या कारखान्यातून १९६१ पासून १९९६ पर्यंत जावा आणि येझदी या मोटारसायकली बाहेर पडत राहिल्यामुळे येथील जुन्या मिस्त्रींचा हात ड्रमब्रेकवर बसलेला आहे. आणि ड्रमब्रेकची रीत अशी की, सुटे भाग पेट्रोलमध्ये धुवावेत, कॅमला ग्रीसचे बोट लावावे व केबल ताणून द्यावी. हीच रीत एका सद्‌हेतू मिस्त्रीने माझ्या जुन्या पल्सरच्या डिस्कब्रेकला लागू केली. त्याचा परिणाम असा की, पुढच्याच पावसाळ्यात हुणसूर रस्त्याने हूटगळ्ळीस परतताना लिव्हर सोडूनही ब्रेक सुटेना आणि भर पावसात डिस्कवरून वाफ निघू लागली. औद्योगिक वसाहतीची पाळी सुटण्याची ती वेळ होती. चाक जागीच अडकले असते, तर मागच्या बसला थांबण्याइतके अंतर नव्हते.

डिस्कब्रेकमध्ये पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील दाबाखाली किंचित मुरडते आणि दाब ओसरताच पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेते; एवढ्याशा हालचालीवर सारा कारभार चालतो. पेट्रोल, रॉकेल किंवा साध्या ग्रीसच्या संसर्गाने हे रबर फुगले, अथवा सीलमागील खाचेत गंज साचून त्याने सील आवळले, की पिस्टन पुढे जातो पण परतत नाही.

तथापि, कॅलिपर खोलण्यापूर्वी दोष तेथेच आहे याची खातरजमा करावी. चाक जखडलेले असतानाच, डोळ्यांस चष्मा लावून आणि टाकीवर ओले फडके पसरून (ब्रेक ऑईल रंग खाते), ब्लीडिंग निप्पल किंचित सैल करावे. ऑईल उसळून चाक मोकळे झाले, तर दाब वरच कोंडलेला आहे: एक तर होज आतून सुजला आहे, नाही तर मास्टर सिलिंडरमधील ऑईल परतण्याचे सूक्ष्म छिद्र बुजले आहे. चाक तरीही जखडलेलेच राहिले, तरच कॅलिपरचा पिस्टन अथवा त्याच्या सरकत्या पिना दोषी ठरतात.

पिस्टन काढण्यास लिव्हरसारखे साधन नाही. होज जोडलेला ठेवून, पॅड काढून, समोर लाकडी फळी ठेवावी आणि लिव्हर हळूहळू दाबत जावे. कॉम्प्रेसरच्या हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो. त्यापुढे बोट धरणे हा निव्वळ अविचार होय. खाच लाकडी काडीने खरवडावी, सील नवेच घालावे व ते ताज्या ब्रेक ऑईलने भिजवावे. पिस्टनवर गंजाचे खड्डे असल्यास तोही बदलावा. पिनांना रबरास न बाधणारे सिलिकॉन ग्रीस लावावे.

ऑईलची श्रेणी ब्रेक ऑईलच्या टाकीच्या झाकणावर कोरलेली असते. डॉट ४ नवे असता किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. मात्र ते हवेतील आर्द्रता शोषते व कालांतराने हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते, म्हणून अर्धवट उरलेली जुनी बाटली वापरू नये. हवा काढून झाल्यावर लिव्हर घट्ट लागला पाहिजे आणि तो सोडताच चाक हाताने सहज फिरले पाहिजे. तोवर गाडी फाटकाबाहेर काढू नका.