कंपनीवर लेख लिहायला बसशील तेव्हा

विकिपीडियावर कंपनीचा लेख लिहायचा म्हणतेस ना, तर आधी त्या कंपनीचं संकेतस्थळ बंद कर. तिथून सुरुवात केली की त्यांचीच वाक्यं आपल्या बोटांतून उतरू लागतात. आधी हे शोध, की त्या कंपनीशी काही देणंघेणं नसलेल्या कुणी तिच्याविषयी सविस्तर लिहिलंय का. दोन-तीन ठिकाणी सापडलं तर लेख होईल. नाही सापडलं तर कंपनी कितीही भली असो, आज तिचा लेख होणार नाही. मान्य करणं जड जातं, पण करच.

वर्तमानपत्रातलं प्रत्येक कात्रण म्हणजे संदर्भ नव्हे. वार्ताहराचं नाव नाही, कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ आहे, किंवा तोच मजकूर तीन दैनिकांत जसाच्या तसा आहे, तर ती बहुधा कंपनीची प्रेसनोट. तीन ठिकाणी छापली म्हणून तिचे तीन संदर्भ होत नाहीत. संचालकाची मुलाखतही कंपनीचाच आवाज. प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचार, हे बोलतंय कोण?

किर्लोस्कर ब्रदर्स घे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावातल्या सायकलच्या दुकानाचं साल १८८८ सांगतात. औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली १९१० साली. आणि कंपनी म्हणून नोंदणी झाली १९२० साली. ‘स्थापना’ एवढंच लिहून पुढे एक साल टाकलंस, तर वाचणाऱ्याचा घोटाळा होणार. तिन्ही दे आणि कुठलं कशाचं ते सांग. नोंदणीचं साल पडताळायची सोपी जागा म्हणजे कंपनीचा सीआयएन, वार्षिक अहवालावर छापलेला २१ अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक. त्यात राज्याच्या दोन अक्षरांनंतरचे चार अंक हे नोंदणीचं साल. पहिलं अक्षर ‘एल’ असेल तर कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध, ‘यू’ असेल तर नाही. आणि किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, किर्लोस्कर न्यूमॅटिक या वेगळ्या कंपन्या आहेत, एकीची उलाढाल दुसरीच्या लेखात जाऊ देऊ नकोस.

१९२० सालीच शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. पुढे त्याचं केवढं मोठं मासिक झालं! पण जन्म कारखान्याच्याच घरातला. कारखान्यात काय कधी बनलं, यासाठी त्याचा आधार खुशाल घे. कारखान्याचा लोखंडी नांगर किती उत्तम होता, यासाठी घेऊ नकोस. शंतनुराव किर्लोस्करांच्या ‘कॅक्टस अँड रोझेस’ या आत्मचरित्रालाही हाच नियम. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, ही गोष्ट सगळे सांगतात. ती लिही, पण कुणाच्या लेखनातून घेतलीस ते त्याच वाक्यात येऊ दे. अशी माणसं आपल्याला आवडतात, म्हणूनच इथे हात जास्त आवरावा लागतो.

‘अग्रगण्य’, ‘नामांकित’, ‘विश्वासार्ह’ हे शब्द दिसले की काढ आणि त्यांच्या जागी आकडा किंवा घटना बसव. पुरस्कारांची यादी तर नकोच. सत्यम कॉम्प्युटर्सला २००८ साली उत्तम कंपनी-प्रशासनासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजूंनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली आणि तो पुरस्कार काढून घेतला गेला. लेखात पुरस्कार दिलास तर तो देणारं कोण, हेही तपास.

उलाढाल लिहिताना आर्थिक वर्ष हवंच. आकडा एकट्या कंपनीचा की उपकंपन्या धरून एकत्रित, तेही सांग.

वादांच्या बाबतीत मात्र सावकाश जा. तक्रार, आरोपपत्र, सेबीचा अंतरिम आदेश, अंतिम आदेश, न्यायालयाचा निकाल या पायऱ्या वेगळ्या. जिथवर प्रकरण गेलंय तिथवरच लिही, तारखेसह. कंपनीचं म्हणणं छापून आलं असेल तर तेही दे. चांगलं तेवढं दाखवणं जितकं वाईट, तितकंच जुना राग काढणंही वाईट. मराठीत कंपन्यांबद्दल तटस्थ वाचायला फार थोडं आहे गं. ठेव ठेवू पाहणारे आजोबा, मुलाखतीला निघालेली मुलगी, सगळे तुझ्या लेखावर विसंबणार.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाक. त्या कंपनीत तू, नवरा, भाऊ कुणी नोकरीला असाल, तर चर्चापानावर तसं लिही आणि बदल स्वतः न करता तिथेच सुचव. मोबदला घेऊन लिहीत असशील तर तो जाहीर करणं २०१४पासून विकिमीडियाच्या वापरअटींतच आहे.

पहिला मसुदा धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर कर. दुवे मरतात, म्हणून प्रत्येकाची प्रत इंटरनेट आर्काइव्हवर जतन कर. आणि कुणी संदर्भ मागितला तर रागावू नकोस. असेल तर दे, नसेल तर ते वाक्य काढून टाक.