रंगाचा डबा शेवटी उघडा

हडर्सफील्ड, वेस्ट यॉर्कशर
गुढीपाडवा

चि. सोनू आणि जावईबापू यांना मावशीचे अनेक आशीर्वाद.

काल तुमचा फोटो मिळाला. डर्बीच्या घरासमोर उभी असलेली ती १९७१ची स्प्राइट मस्केटियर कॅरव्हॅन, तिच्या दारात तुम्ही दोघं, आणि जावईबापूंच्या हातात निळ्या रंगाचा डबा. फार आनंद झाला. पण माझी नजर त्या डब्यावरच अडकून राहिली, म्हणून फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर ऐकलेलं चार दिवसांत विसरायला होतं. पत्र तुमच्या कॅरव्हॅनच्या कपाटात राहील आणि लागेल तेव्हा काढून वाचता येईल.

तो डबा आत्ता उघडू नका, एवढंच मला आधी सांगायचं आहे. का, ते सविस्तर सांगते.

आधी तुमची गाडी ओळखून घ्या. स्प्राइट ही कंपनी सुरू केली सॅम आल्पर यांनी, १९४०च्या दशकाच्या शेवटी. बेताच्या पगारात घर चालवणाऱ्यालाही सुट्टीवर जाता यावं, म्हणून त्यांनी न्यूमार्केटच्या कारखान्यात स्वस्त आणि हलक्या कॅरव्हॅन बांधल्या. स्वस्त आणि हलकं ठेवायचं तर बांधणी साधी लागते. खाली पोलादी चासी, वर बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून पातळ प्लाय किंवा हार्डबोर्ड. त्या काळच्या बहुतेक कॅरव्हॅन अशाच आहेत. दोन पत्रे कोपऱ्यावर जिथे भेटतात तिथे ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूंनी आवळलेली असते आणि पट्टीखाली मॅस्टिकचा थर असतो. पाणी अडवायचं सगळं काम त्या थराचं. तो काही वर्षं मऊ राहतो, मग वाळतो आणि तडकतो. तुमच्या गाडीनं पन्नासहून जास्त पावसाळी वर्षं काढली आहेत. त्यात बांधणाऱ्याचा दोष नाही, पण पाणी कुठून ना कुठून आत शिरलं असणारच, हे धरून चाला.

राजापूरचं आपलं कौलारू घर तू पाहिलं नाहीस, पण आईला विचार. मृग लागण्याआधी दर वर्षी शाकारणी व्हायची. तुझे आजोबा माजघरात अंधार करून उभे राहायचे आणि वर कुठे उजेडाचा कवडसा दिसतो ते गड्याला ओरडून सांगायचे. एका वर्षी ओटीवर टपटप गळत होतं. मी म्हटलं, इथलंच कौल बदला. आजोबांनी मला माळ्यावर नेऊन दाखवलं. फुटकं कौल तीन हात वर होतं आणि पाणी वाशावरून वाहत ओटीपर्यंत येत होतं. गळतं तिथे फुटलेलं नसतं, हे मी तेव्हा शिकले आणि पुढे नेमकं हवं तेव्हा विसरले.

१९८७ साली काकांनी आणि मी आमची जुनी कॅरव्हॅन घेतली. काका लोकरीच्या गिरणीत फिटर, मी शाळेच्या स्वयंपाकघरात. पैसे मोजके आणि हौस मोठी. आम्ही तीन आठवड्यांत तिला बाहेरून रंग दिला, मी नवे पडदे शिवले, आणि ऑगस्टमध्ये व्हिटबीला समुद्रावर गेलो. गाडी नव्यासारखी दिसत होती. पुढच्या मार्चमध्ये मी मागच्या कोपऱ्यातली गादी उचलली आणि भिंतीला हात लावला, तर बोट आत गेलं. काकांनी आतला प्लाय काढला. मागचं लाकूड चहाच्या चोथ्यासारखं हातात आलं. पाणी शिरत होतं छतालगतच्या पट्टीतून आणि साचत होतं खाली गादीमागे. आमचा सगळा रंग, सगळे पडदे काढावे लागले. नंतरचं काम दोन वर्षं चाललं. तुमची ती दोन वर्षं वाचावीत, म्हणून पुढचं लिहिते.

पहिले पंधरा दिवस काहीही दुरुस्त करू नका. फक्त तपासा. डॅम्प मीटर, म्हणजे ओल मोजायचं यंत्र, वापरा. गादी, कपाटं, खिडक्यांचे खालचे कोपरे, मागचे दोन्ही कोपरे, दाराजवळची जमीन, सगळीकडे हातभर अंतरावर त्याच्या सुया टेकवा. भिंतीचं चित्र कागदावर काढा आणि त्यात आकडे लिहा. पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही. पंधरा ते वीसच्या मध्ये असेल तर त्या जागेवर लक्ष ठेवा. वीसच्या वर गेला की तिथे उघडावं लागणार. मोठ्या पावसानंतर पुन्हा तेच करा. दोन कागद शेजारी ठेवले की पाण्याची वाट दिसू लागते. आकडा जिथे सर्वात मोठा, तिथून वर बघत जा.

मग पट्ट्या काढा. जुने स्क्रू गंजलेले असतात, काही तुटतील, घाई करू नका. खालचं जुनं मॅस्टिक लाकडी पट्टीनं खरवडा, पत्र्याला ओरखडा पडू देऊ नका. आतून कुजलेलं लाकूड कोरडं आणि टणक लाकूड लागेपर्यंत कापा, आणि नवा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडा, म्हणजे जोड मजबूत होतो. त्याआधी सगळं पूर्ण वाळू द्या. ओल्या लाकडावर नवा प्लाय ठोकला तर ओल कायमची कोंडली जाते. पट्टी परत बसवताना न सुकणाऱ्या मॅस्टिकची टेप वापरा आणि स्टेनलेस स्टीलचे नवे स्क्रू. सिलिकॉन लावायचा मोह होईल, कारण ते सोपं आहे. लावू नका. ते काही दिवसांनी कडेनं सुटतं, आणि त्याचा लेप राहिलेल्या जागी पुढे दुसरं काही नीट चिकटत नाही. जुना रंग घासताना नाकातोंडावर चांगला मास्क बांधा. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं.

आता जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी. यांत हौस आणि काटकसर दोन्ही बाजूला ठेवा.

गाडीच्या चार कोपऱ्यांना जे पाय असतात ते ती स्थिर ठेवायला असतात, उचलायला नव्हे. खाली शिरायचं असेल तर जॅकनं उचलून भक्कम स्टँडवर टेकवल्याशिवाय शिरू नका. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी फसू नका. उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर वयानं मरतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. सात वर्षांच्या वरचा टायर असेल तर विचार न करता बदला. ब्रेक आणि गाडीला जोडायचा हिच मेकॅनिककडून तपासून घ्या.

गॅसचं काम गॅस सेफच्या नोंदणीतल्या माणसाकडूनच. काका यंत्रांत आयुष्य घालवलेले, पण गॅसच्या नळीला त्यांनीही हात लावला नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर पसरतो. म्हणून जमिनीत झरोके ठेवलेले असतात. थंडी येते म्हणून ते बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या रात्रीआधी बसवा. हिवाळ्यात जाणार असाल तर प्रोपेन घ्या. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतं आणि चहाही होत नाही. विजेची जुनी तार असेल तर ती काढून टाका आणि २३० व्होल्टचं काम इलेक्ट्रिशियनकडे द्या. गाद्यांमधला जुना फोमही टाका. या देशात फोमच्या आगीबद्दलचे कडक नियम १९८८ साली आले, त्याआधीचा फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. तो फोम वाचवून काही मिळवायचं नाही.

वजनाचंही ध्यानात ठेवा. नवी लाकडी कपाटं, मोठा फ्रिज, फरशी असं करत करत गाडी जड होत जाते. काम संपलं की वजनकाट्यावर नेऊन तोला. नवशिक्यांनी कॅरव्हॅनचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांत ठेवावं असं इथे सांगतात. सामान खाली आणि चाकांच्या जवळ ठेवा. बैलगाडीला मागे उलाळ झाली की काय होतं ते आजोबांनी तुझ्या आईला दाखवलं होतं. इथे ६० मैलांच्या वेगात तीच उलाळ कॅरव्हॅनला शेपटीसारखी हलवते, आणि मग ओढणारी गाडीही तिच्यामागे जाते.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले, ते.

आमच्यात कामाची वाटणी फार लवकर झाली. लाकूड, चाकं, ओढणं, जोडणं हे सगळं काकांचं. शिवणं, रंगवणं, भरणं माझं. ती वाटणी आम्हाला चांगली वाटायची, कारण भांडण होत नसे. चोवीस वर्षं मी काकांच्या शेजारी बसून हिंडले, यॉर्कशर डेल्समध्ये, स्कार्बोरोला, स्कॉटलंडपर्यंत. २०११च्या ऑक्टोबरमध्ये काका गेले. पुढच्या वसंतात मला वाटलं, एकदा व्हिटबीला जाऊन यावं. मी अंगणात जाऊन उभी राहिले, आणि मला कॅरव्हॅन गाडीला जोडताही येत नव्हती. स्वतःच्या हातांनी जिच्या भिंती रंगवल्या, ती माझ्या दारात दोन वर्षं ताडपत्रीखाली उभी राहिली. दुःख तर होतंच. पण मी शिकून घेतलं नाही याचं दुःख त्यात मिसळलं, आणि ते टाळता आलं असतं.

शेवटी मी बासष्टाव्या वर्षी कॅरव्हॅन चालवायचं शिक्षण घेतलं. शिकवणाऱ्या बाईंनी मागे घेण्याची एक युक्ती सांगितली. हात स्टीअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा, आणि कॅरव्हॅनची शेपूट जिकडे जायला हवी तिकडे हात न्यायचा. दुपारपर्यंत मला जमलं. त्या उन्हाळ्यात मी एकटी व्हिटबीला गेले. तिथे चहा करताना मला पहिल्यांदा वाटलं, की ही गाडी माझीही आहे.

म्हणून सांगते, सोनू, तुम्ही दोघं काम वाटून घ्या, पण ज्ञान वाटून घेऊ नका. ज्याला जे येतं त्यानं ते करावं, हे सोयीचं असतं, आणि पुढे तेच महागात पडतं. एका कोपऱ्याचं लाकूड जावईबापूंनी जोडलं तर दुसऱ्या कोपऱ्याचं तू जोड. तुझा सांधा पहिल्यांदा वाकडा येईल, जावईबापूंनी तो हातातून काढून घेऊ नये. गाद्यांची शिवण तुला येते, ती त्यांना शिकव आणि त्यांची टीप नीट नसली तरी चालवून घे. काम सावकाश होईल. होऊ दे. २०२१च्या डिसेंबरपासून ओढण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही, पण परीक्षा गेली म्हणून शिकायची गरज गेली नाही. दोघांनी एकाच दिवशी जाऊन शिका.

एक वही करा. कुठली पट्टी कधी उघडली, मीटरचे आकडे किती, कुठला स्क्रू कुठे, किती पैसे गेले, सगळं दोघांच्या अक्षरात लिहा. महिन्याचा खर्च आधी ठरवा आणि तो संपला की पुढच्या महिन्यापर्यंत थांबा. कर्ज काढून सुट्टी बांधू नका. आणि आठवड्यातला एक दिवस त्या गाडीकडे बघूसुद्धा नका.

या रविवारी मी येते. काकांचा पान्ह्यांचा डबा आणि माझा डॅम्प मीटर घेऊन येईन, दोन्ही तुमच्याकडेच राहू देत. मागच्या कोपऱ्यापासून सुरुवात करू. निळा रंग फार सुरेख आहे, तो काम संपेपर्यंत घरात सांभाळून ठेवा. आणि जेव्हा पहिल्यांदा कॅरव्हॅन अंगणात मागे घ्याल तेव्हा स्टीअरिंगवर तू बस, जावईबापू मागे उभे राहून हात दाखवतील. दुसऱ्या दिवशी जागा बदला.

तुझ्या आईला मिरजेला फोन केलास की माझा निरोप सांग.

कळावे,
तुझी मावशी