भिंतीवरच्या सावल्या

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या सातव्या भागात त्याचा गुरू सॉक्रेटिस एक दृष्टांत सांगतो. काही माणसे लहानपणापासून एका गुहेत कैदेत आहेत. पाय व मान जखडल्यामुळे त्यांना समोरच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. त्यांच्या पाठीमागे विस्तव पेटलेला आहे आणि मध्ये एक ठेंगणी भिंत आहे. तिच्याआडून काही लोक माणसांच्या व जनावरांच्या मूर्ती उंच धरून नेतात. कैद्यांना त्यांच्या सावल्या तेवढ्या दिसतात, आणि त्यांनाच ते खरे जग समजतात.

आज ती गुहा आपल्या खिशात आहे, असे आम्हांला वाटते. २०१८ साली भारतभर मोबाईलवर एक चित्रफीत फिरली. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, एवढेच तिच्यात दिसे. वास्तविक ती पाकिस्तानात मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मूल परत आणून सोडतात, तो शेवटचा भाग कोणीतरी कापला होता. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अशाच अफवेपायी त्या वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. सावली खोटी होती. मरण खरे होते.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. त्या कैद्यांना मान वळवता येत नव्हती, आपल्याला येते. शिवाय ते केवळ पाहणारे होते. आपण मात्र आलेला मजकूर न तपासता पुढे पाठवतो, तेव्हा भिंतीआडून मूर्ती नेणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहतो.

दृष्टांतातील एक कैदी सुटतो. उजेडाने त्याचे डोळे दुखतात. पण हळूहळू त्याला सूर्यही पाहता येतो. तो परत गुहेत उतरतो, तेव्हा अंधारात चाचपडतो आणि कैदी त्याला हसतात. “हे खरे आहे का?” असे घरच्या मंडळींना विचारणाऱ्याचीही आज अशीच थट्टा होते. तरीही उजेड पाहिलेल्याने खाली उतरलेच पाहिजे, असे सॉक्रेटिस बजावतो. त्याला स्वतःला इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्समध्ये मृत्युदंड झाला.

शिक्षकांसाठी : वर्गात अंधार करावा. मुलांना भिंतीकडे तोंड करून बसवावे आणि मागून बॅटरीच्या उजेडात हातांनी सशाची सावली पाडावी. मग त्यांना मागे वळण्यास सांगावे आणि पुढील प्रश्न विचारावेत.

१. ससा कोठे होता?
२. तुम्ही न पाहिलेली कोणती गोष्ट या आठवड्यात दुसऱ्याला खरी म्हणून सांगितली?